लाल उजेडातलं औषध

सोमवारी सकाळी पहिला उंदीर काट्यावर ठेवला आणि आयली कांगासला वाटलं, काटाच बिघडलाय. शुक्रवारी वीस ग्रॅम भरलेला जीव आज सोळा पॉइंट सात दाखवत होता. तिने त्याला उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. सोळा पॉइंट सात. मग डबीतलं पितळेचं वीस ग्रॅमचं वजन ठेवून पाहिलं. काट्याने इमानेइतबारे वीस दाखवले.

दुसरा उंदीर घेतला. तिसरा घेतला. चौथ्याला हातात धरल्यावर काट्याची गरजच राहिली नाही. एकोणीस वर्षं उंदीर उचललेल्या हाताला रिकामं पोट तळव्यातच कळतं.

प्रयोगशाळेची ही खोली तळघरात होती. वर अमेरिकेतल्या डुलूथ शहरावर रविवारपासून बर्फ कोसळत होतं, तळ्यावरून येणारा वारा ते भिंतींवर थापत होता. खाली मात्र ना बर्फ, ना वारा, फक्त पंख्यांची घरघर आणि लाल दिवा. इथलं घड्याळ उलटं होतं. उंदीर अंधारात जागतात, खातात, फिरतात. म्हणून बाहेर माणसांचा दिवस उजाडला की इथे अंधार करायचा, आणि माणसांनी लाल दिव्यात काम करायचं. उंदराच्या डोळ्याला लाल उजेड जवळजवळ दिसतच नाही. आपण त्यांच्या रात्रीत चोरपावलांनी शिरतो, असं आयली नव्या माणसांना सांगायची.

या खोलीत चौदा पिंजरे होते. चौदा उंदीर, एकेकाला एक. दिसायला चारचौघांसारखे, पण त्यांच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन जन्मापासून तयार होत नव्हतं. भूक लागल्याची वर्दी देणारं रसायन त्यांच्याकडे होतं. पोट भरल्याचं सांगणारंही होतं. नव्हतं ते ऊठ, जा, खा म्हणणारं. त्यामुळे समोर दाण्याची रास असली तरी ते तिच्या शेजारी बसून राहायचे, गोळा होऊन, डोळे उघडे ठेवून. तसेच बसून बसून मरायचे. आईचं दूध पिऊन पंधरा दिवस बाळसं धरायचे आणि मग एके दिवशी वाढ थांबायची. त्या दिवसापासून आयली त्यांना रोज सकाळी दहाला डोपा टोचायची. डोपा मेंदूत गेलं की त्याचं डोपामिन व्हायचं. वीस मिनिटांत कान हलायचे, मिश्या हलायच्या, मग पाय. आणि मग सगळ्या खोलीभर कुरकुर, कुरकुर, चौदा तोंडं एकदम. आठ-नऊ तास खायचे. औषध उतरलं की पुन्हा बसायचे, दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत.

नाताळला तिने टोचलं होतं. बहिणीच्या दफनाच्या दिवशी टोचून मग चर्चमध्ये गेली होती. नावं मात्र ठेवली नव्हती. नाव ठेवलं की सुई धरणारा हात कापतो.

मग शनिवारीही टोचलं, रविवारीही टोचलं, तरी हे बसलेलेच कसे?

शनिवार-रविवार वजन करायची पद्धत नव्हती. टोचायचं, पाण्याच्या बाटल्या बघायच्या आणि घरी जायचं. आयलीने पिंजऱ्यातल्या दाण्याच्या टोपल्या पाहिल्या. शुक्रवारी रात्री होत्या जवळजवळ तशाच भरलेल्या होत्या.

आजची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवली होती. ती तिने दिव्यासमोर धरली. आतलं पाणी नितळ होतं. सिरिंज हातात घेऊन ती दार ढकलून बाहेरच्या पॅसेजमध्ये आली, जिथे पांढरी ट्यूबलाइट होती, आणि तिथे उभी राहिली.

सिरिंजमध्ये काळा चहा होता.

उजेड आणि हवा लागली की डोपा नासतं. आधी गुलाबी, मग तांबूस, मग तपकिरी. म्हणून बाटली रुपेरी फॉइलमध्ये गुंडाळायची. शुक्रवारी संध्याकाळी फॉइलची गुंडाळी संपली होती. सोमवारी नवी आणू म्हणत आयलीने बाटलीभोवती हात पुसायचा कागद गुंडाळला, वर रबर लावला, आणि काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये ठेवली, डोक्यावर चोवीस तास जळणाऱ्या ट्यूबखाली. टोचायच्या वेळी कागद सोडायचा तो आत, लाल दिव्यात. आणि लाल दिव्यात तांबडं पाणी नितळ पाण्यासारखंच दिसतं. शनिवारी औषध अर्धमेलं होतं. रविवारी पुरतं मेलेलं. दोन्ही दिवस तिने ते जपून, मोजून, चौदा पोटांत टोचलं होतं.

ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. मग लगेच उठली. बसायला वेळ नव्हता.

लेलँड पोप हा या खोलीचा डॉक्टर, म्हणजे संशोधक. तो मिनिआपोलिसला परिषदेला गेला होता आणि हायवे बंद झाल्यामुळे हॉटेलात अडकला होता. आयलीने त्याला फोन लावला.

"लेलँड, औषध मेलंय."

"काय मेलंय?"

"डोपा. बाटली नासली. दोन दिवस मी त्यांना रंगीत पाणी टोचतेय."

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"फॉइल?"

"संपली होती. कागद गुंडाळला."

"आयली, एकोणीस वर्षं तू फॉइलसाठी माझ्या डोक्यावर बसून..." तो थांबला. "जाऊ दे. हे बोलायला नको होतं."

"बोल की. खरंच आहे ते."

"पावडर आहे ना खणात?"

"शुक्रवारी तीच शेवटची वापरली. नवी उद्या यायची होती."

"उद्या काही येत नाही. मी खिडकीतून हायवे बघतोय, त्यावर कुत्रं नाही. वजनं काय आहेत?"

तिने वाचून दाखवली. शुक्रवारच्या वजनाच्या ऐंशी टक्के ही रेघ होती. त्याखाली गेलेल्या जनावराला आणखी ताटकळत ठेवायचं नाही, तिथल्या तिथे कायमचं झोपवायचं, असा नियम. आयलीनेच तो टाइप केला होता, आणि तिला तो पटलेला होता. अकरा जण रेघेच्या वर टेकले होते, कुणी अर्धा ग्रॅम, कुणी त्याहून कमी. तीन खाली गेले होते.

"ग्रेटा किती वाजता येते?" लेलँडने विचारलं. ग्रेटा हॉलवर्सन म्हणजे जनावरांची डॉक्टर. दर सोमवारी येऊन सगळ्या खोल्या तपासणारी.

"दोनला."

"या बर्फात नाही यायची ती."

"येईल. तिच्याकडे बर्फावर चालायचे जोडे आहेत, आणि नियमांची वही आहे. दोन्ही घालूनच झोपते ती."

लेलँड हसला नाही. "टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजात डोपा असतं. मी फोन लावतो. तिथून तुझ्यापर्यंत कसं आणायचं ते बघतो. तू तोवर..." कप पुन्हा बशीवर वाजला. "तू तोवर त्यांना मरू देऊ नकोस."

"बरं," आयली म्हणाली, जणू त्याने तिला दिवा मालवायला सांगितला होता.

कपाटात म्हाताऱ्या माणसांना देतात तसल्या व्हॅनिलाच्या दुधाचे डबे होते. ते दूध तिने कोमट केलं. रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून पिंजऱ्यांखाली सरकवलं, कारण उपाशी उंदीर आधी गार पडतो. मग पहिल्याला डाव्या तळव्यावर घेतलं आणि ड्रॉपरच्या टोकाला आलेला थेंब त्याच्या ओठाला लावला.

काहीच झालं नाही. थेंब तिथेच थरथरत राहिला, आणि मग आतून जीभ आली. तांदळाच्या कणीएवढी जीभ, आली, थेंब नेला, मिटली. गळ्याखालची कातडी एकदा हलली.

एवढं त्यांना येत होतं. ओठापर्यंत आणून दिलं तर गोड कळत होतं, गिळता येत होतं. भूक घरात बसलेली होती, चव घरात बसलेली होती, दार तेवढं कुणी उघडत नव्हतं. आता दार उघडणारे हात दोनच होते, आणि घरं चौदा.

एक थेंब, गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाई केली की दूध छातीत जातं आणि उंदीर हातातच बुडतो. पहिल्याला पाच थेंब, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला पाच. चौदाव्यापर्यंत पोचेतो पहिला पुन्हा गार पडलेला. पहिला थेंब पोटाला, दुसरा थेंब रक्ताला, तिसरा थेंब पायांना, चौथा मिशीच्या केसाला, पाचवा नुसता असू दे म्हणून. ओठांतल्या ओठांत ती असं काही म्हणत होती आणि आपण म्हणतोय हे तिला ठाऊक नव्हतं. अकरा वाजले. बारा वाजले. तिच्या पिशवीत घरची पास्टी होती, मांस-बटाटा भरलेली, ती तशीच राहिली. वीस थेंबांचा एक ग्रॅम होतो. हळूहळू काटा वर सरकू लागला. तिसरा रेघेवर आला. अकरावा, सगळ्यांत हट्टी, तोही रेघेच्या वर आला. आठवा सहा थेंबांनंतर गिळेना, पण काट्यावर तोही बरोबर रेघेवर टेकला. दीड वाजता एकही रेघेखाली नव्हता. आयलीने पहिल्यांदा पाठ सरळ केली.

दोनला पाच मिनिटं असताना ग्रेटा हॉलवर्सन आली. टोपीवर बर्फ, भुवयांवर बर्फ, हातात जोडे.

"दारात गाडी पुरलीय कुणाची तरी," ती म्हणाली. "नुसता आरसा वर आहे."

"माझीच आहे, डॉक्टर."

"मग आरसा तरी घेऊन जा घरी." तिने अंगावर निळा डगला चढवला. "लेलँडचा फोन आला होता. तुम्ही सांगा. त्याने सांगितलं ते मी ऐकलंच नाही असं धरा."

आयलीने सगळं सांगितलं. फॉइल, कागद, फ्रिज, लाल दिवा. ग्रेटाने ते वहीत लिहून घेतलं. मग एकेक पिंजरा उतरवून वजन घेऊ लागली. पहिला वर. दुसरा वर. तिसरा रेघेवर.

"पोट टम्म आहे याचं," ती म्हणाली. "भरवलंत?"

नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. आयलीने तो घेतलाही. पण ग्रेटाने पिंजऱ्यावरचं कार्ड वाचायला लाल बॅटरी पेटवली होती, आणि कार्डावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. चौदाही कार्डांवर, थेंबागणिक रेघ. कधी ओढल्या ते आयलीला आठवत नव्हतं. एकोणीस वर्षांत जे जे उंदराच्या पोटात गेलं ते ते कार्डावर गेलं होतं. हाताने आजही तेच केलं होतं, तिला न विचारता.

"भरवलं," ती म्हणाली.

"वीस थेंबांचा ग्रॅम?"

"हो."

"मग वजा करते."

"डॉक्टर, असं नका करू."

"पोटातलं दूध म्हणजे वजन नाही, आयली. तुम्ही खिशात दगड भरून काट्यावर उभ्या राहिलात तर?"

"दगड नाहीत ते. गिळलंय त्यांनी."

ग्रेटा वजाबाकी करत राहिली. तिसरा खाली गेला. आठवा खाली गेला. अकरावा सोळा पॉइंट एक होता, चौदा थेंब काढले तर पंधरा पॉइंट चार. त्याची रेघ पंधरा पॉइंट सहा. तेरावा खाली. चार झाले. तिने बॅटरी विझवली.

"नियम तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच मला शिकवलात, मी नवी आले होते तेव्हा."

"माझी चूक आहे ही. त्यांची नाही."

"चूक कुणाची याचा हिशोब मी करतच नाहीये. या जिवाचे हाल होतायत का, एवढाच माझा प्रश्न आहे."

"मग काट्याला काय विचारता? त्यांना विचारा." आयलीने पिंजऱ्यांकडे बोट केलं. "ओठाला थेंब लावा. ज्याची जीभ येईल तो मागतोय. मागणाऱ्याला कसं मारता?"

पंखे घरघरत होते. ग्रेटाने तिच्याकडे पाहिलं. लाल दिव्यात माणसांचे डोळे काळे दिसतात, त्यातलं काही कळत नाही.

"औषध कधी येतंय?"

"कॉलेजात मिळालंय. लेलँडने नगरपालिकेत फोन केला. बर्फ ढकलणारा ट्रक टेकडीवरून खाली येताना घेऊन येणार आहे."

"नगरपालिकेचा ट्रक?" ग्रेटा म्हणाली. "आमच्या गल्लीत तो एप्रिलात येतो."

आयलीने दुधाचा डबा जवळ ओढला.

"चार वाजेपर्यंत," ग्रेटा म्हणाली. "गिळेल त्याला चार वाजेपर्यंत. न गिळणाऱ्याला आत्ता. हे मी लिहून, सही करून देते, नंतर मला जो काय जाब द्यायचाय तो देईन. घ्या ड्रॉपर."

तिसऱ्याची जीभ लगेच आली. तेराव्याची उशिरा आली, पण आली. अकराव्याच्या ओठावर थेंब इतका वेळ राहिला की तो सुकतोय की काय वाटलं. मग जबडा हलला, अर्धा थेंब आत गेला, अर्धा हनुवटीवर.

"चालेल," ग्रेटा म्हणाली.

आठवा आयलीच्या तळव्यावर कापसासारखा पडला होता. थेंब लावला. तो ओठावरून मिशीवर गेला आणि मिशीच्या टोकाला लोंबत राहिला. तिने तो पुसला, दुसरा लावला. त्याच्या अंगावरून करंगळी फिरवली, आई फिरवते तशी, गळ्यापासून पोटाकडे. थेंब घसरला.

"आयली."

"एकदाच, डॉक्टर."

"दोनदा लावून झालाय."

तिसरा थेंब आयलीच्या अंगठ्यावर पडला. तिने ड्रॉपर खाली ठेवला. "मी धरते त्याला," ती म्हणाली. ग्रेटाने सुई भरली. दोन बोटांमध्ये जे काही धडधडत होतं ते एकदा जोरात धडधडलं, मग मोजता येईल इतकं सावकाश झालं, मग आयलीच्या बोटांत तिचंच स्वतःचं रक्त तेवढं उरलं. ग्रेटाने स्टेथोस्कोप लावला, मान हलवली, आणि पिंजऱ्यावरचं कार्ड काढून उलटं ठेवलं.

त्यानंतर ग्रेटाने डगल्याच्या बाह्या वर केल्या. "मला द्या पहिले सात," ती म्हणाली. "आणि किती थांबायचं ते सांगा. मी गाई भरवल्यात, हे नाही."

दोघी शेजारी शेजारी बसून भरवू लागल्या. अडीच वाजले. तीन वाजले. वर कुठेतरी वाऱ्याने काहीतरी लोखंडी पाडलं. अकरावा आता तीन थेंबांतला एक गिळत होता. आयली त्याला ब्लाउजच्या आत, गळ्यापाशी धरून दुसऱ्याला भरवत होती, कारण पिशव्या गार पडल्या होत्या आणि पाणी तापवायला उठलं तर दोन फेऱ्या चुकत होत्या.

साडेतीनला जमीन थरथरली. मग पॅसेजच्या टोकाला कुणीतरी दारावर मूठ आपटली. ट्रकचा ड्रायव्हर होता, नारिंगी कोट, दाढीत बर्फाचे खडे. त्याने पुठ्ठ्याचा एवढासा डबा पुढे केला.

"यासाठी मला टेकडीवरून उलटा वळवला," तो म्हणाला न म्हणाला तसं पुटपुटला. "आत काय, हृदय आहे का कुणाचं?"

"उंदरांचं औषध आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या गळ्यापाशी कापडातून एक नाक बाहेर आलेलं होतं. "बरं," तो म्हणाला, आणि काहीही न विचारता परत गेला.

पावडर तिने पॅसेजमध्येच, पांढऱ्या ट्यूबखाली तोलली. तिथेच विरघळवली. बाटली उजेडासमोर धरली, खाली केली, पुन्हा धरली. ग्रेटा म्हणाली, "स्वच्छ आहे." आयली म्हणाली, "तुम्ही पुन्हा बघा." ग्रेटाने पुन्हा पाहिली. मग आत जाऊन तेरा जणांना टोचलं. अकराव्याच्या पोटाच्या कातडीत सुई धरायलाही मांस नव्हतं; तिथे आयलीचा हात कापला आणि ग्रेटाने मनगट खालून धरलं.

चार वाजायला दहा मिनिटं होती. आता वीस मिनिटं कुणाच्याच हातात काही नव्हतं. उंदीर बसले होते, दाण्याशेजारी, डोळे उघडे. दोघी उभ्या होत्या. ग्रेटाने घड्याळ पाहिलं नाही, आणि चार वाजून गेले.

पाचव्या पिंजऱ्यात पेंढा वाजला. मग काहीच नाही. मग कुणीतरी एक दाणा दातांत धरून फिरवला, सावकाश, जणू तो दाणाच आहे का हे बघतोय असा. कुर्र. थांबला. कुर्र, कुर्र. दुसऱ्यात सुरू झालं. नवव्यात. चौदाव्यात पाण्याच्या बाटलीची गोळी खडखडली.

भिंतीवरचा फोन वाजला. आयलीने कान आणि खांद्यात धरला.

"पोचलं?" लेलँडने विचारलं. दिवसभरात त्याचा आवाज म्हातारा झाला होता.

"पोचलं. टोचलं. आठवा गेला, लेलँड. दोननंतर लगेच गेला."

"आणि बाकीचे?"

तिने वायर ताणली आणि अकराव्याच्या पिंजऱ्यापर्यंत गेली. तो भिंतीला टेकून होता. कान हलले होते, तिने पाहिले होते. की तिला तसं वाटलं होतं. पुढचा एक पाय दाण्याच्या दिशेने पुढे आलेला होता. तो मघाशीही तिथेच होता का, हे तिला सांगता येईना. ग्रेटाने ड्रॉपर भरून तिच्या हातात दिला. आयलीने वाकून थेंब त्याच्या ओठाला लावला.

"आयली? किती राहिले?"

"थांब," ती म्हणाली. "आत्ता सांगता येत नाही. फोन ठेवू नकोस."

दीडशे मैलांवर तो फोन धरून बसला. त्याच्या कानात बारा उंदरांचं खाणं येत होतं, पावसासारखं, आणि मध्ये एक जागा रिकामी होती. तिकडे आयली वाकून उभी होती आणि थेंब तिच्या हाताखाली, त्या एवढ्याशा ओठावर, अजून तसाच होता.